नदीपलीकडची हजेरी

शाळेला जादा निधी मंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा मुख्याध्यापक गुणाकर सरांना आनंद व्हायच्या ऐवजी घामच फुटला. इतकी वर्षं शाळेला खडू पुरले नव्हते, छपराला कवेलू पुरले नव्हते, आणि आता एकदम वरून हुकूम आला होता, की मागास वस्त्यांमधली जी मुलं शाळेत टिकत नाहीत त्यांच्यासाठी हा खास पैसा आहे, तो त्यांच्यावरच लावा आणि मार्चच्या आत लावा. काय करावं ते सरांना सुचेना. त्यांनी पालकांची सभा बोलावली आणि चहा सांगितला.

शाळा लांजी या तालुक्याच्या गावाहून बरीच आत, नदीच्या काठाला होती. अलीकडे गाव, पलीकडे ढिमरटोला, ढिमरांची म्हणजे कोळ्यांची वस्ती. टोल्यातले लोक मासे धरायचे, तळ्यात शिंगाडा लावायचे, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायचे. त्यांच्या मुलांची नावं जुलैत शाळेत लागायची आणि दिवाळीपर्यंत मुलं दिसेनाशी व्हायची. दरवर्षी गुणाकर सर म्हणायचे, "ये लोग पढ़नेवाले नहीं हैं," आणि दरवर्षी कालिंदी मॅडमचं डोकं फिरायचं.

कालिंदी पाठक मूळची बालाघाट शहरातली. वडील कचेरीत, आजोबा कोर्टात, घरात सगळे शिकलेले. तिला लांजीत खोली घेऊन राहावं लागत होतं आणि रोज मोपेडवर शाळेत यावं लागत होतं. पण तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिला खरंच वाटायचं, की टोल्यातली मुलं शिकायला तयार आहेत, आपणच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिचं वय असं वाटायचं होतं आणि तिचं चुकतही नव्हतं.

सभेत टोल्याकडून एकटा महागू आला होता. तो दारातच उकिडवा बसला. सरांनी सांग म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "डोंगा ठेवा जी. एक डोंगा अन् एक माणूस. पोरायले सकाळी आणन, दुपारी नेऊन सोडन. पाण्याच्या दिवसात माय-बापाले पोरगं सोडाले भेव वाटते."

"अरे महागू, डोंगा खर्चाच्या कोणत्या मदात टाकू मी?" सर म्हणाले. "साहेब विचारतील, शाळेत डोंगा काहून? मासे धरता काय?"

सगळे हसले. महागूही हसला. तेव्हा कालिंदी उठली आणि तिने भोंग्याची कल्पना मांडली.

तिचं म्हणणं असं, की टोल्यात घड्याळ नाही. आई-बाप पहाटेच कामाला जातात. मुलांना कुणी उठवत नाही, कुणी बोलावत नाही. शाळेच्या छपरावर भोंगा लावू, नदीकडे तोंड करून, आणि रोज सकाळी एकेका मुलाला नावानं हाक मारू. आपलं नाव असं आभाळातून आलं, तर कुठलं मूल घरी बसेल? बोलता बोलता तिचे डोळे चमकत होते. सरांना कल्पना पटली, कारण भोंगा रस्त्यावरून दिसतो आणि जीपमध्ये बसलेल्या साहेबालाही ऐकू येतो. महागूलाही पटली. मॅडम म्हणते तर बरोबरच असणार, असं त्याला वाटलं, आणि तो डोंग्याचं बोलणं तिथेच सोडून निघून गेला.

भोंगा आला. मशीन आलं, बॅटरी आली, माइक आला, कॅसेट लावायचा डबा आला. कालिंदीने पहिल्या दिवशी माइक हातात धरला आणि टोल्यातल्या सगळ्या मुलांची नावं एका दमात घेतली. पलीकडच्या काठावर मुलं खेळत होती ती पळून घरात शिरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर काठावर कुणी फिरकलंच नाही. कालिंदीला रडूच यायचं बाकी राहिलं.

मग महागूची बायको शेवंताबाई पोरीला घेऊन शाळेत आली. पोरगी रचना, तिसरीत नाव होतं. पुढचे दोन दात पडलेले आणि तोंड कायम उघडं. शेवंताबाई सरांशी बोलली नाही, सरळ कालिंदीपाशी गेली.

"मॅडम, रागावू नका. पण तोंड दिसत नाही अन् नाव ऐकू येते, तं लेकरू ओ कसं देईन? एका हाकेले ओ नाही द्यायची. ते दुसरंच कोणी राह्यते. माणूस असन तं तीनदा बलावते. तीनदा बलावलं का मंग ओ द्या लागते, अन् जा बी लागते."

दुसरी कुणी असती तर हसली असती. कालिंदी हसली नाही. तिची स्वतःची आजी बालाघाटच्या घरात हेच सांगायची; संध्याकाळी परसातून कुणी एकदाच हाक मारली तर उत्तर देऊ नको, म्हणायची. कालिंदीने बीएस्सी केलं तरी पहिल्या हाकेला गप्प राहायची सवय तिचीही सुटली नव्हती. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, याची तिला लाज वाटली. तिने त्याच दुपारी एक कोरी कॅसेट घेतली आणि वर्गाचं दार लावून प्रत्येकाचं नाव तीनदा, सावकाश, घरच्या माणसानं मारावी तशा हाकेनं भरलं. तिसऱ्या हाकेनंतर ओ देण्यापुरती जागा सोडली. आता तिचा घसा दुखायचं कारण उरलं नाही. ती लांजीहून पोचायच्या आधीच चपराशी प्रेमलाल कॅसेट लावून द्यायचा.

आणि काय सांगावं, मुलं आली. खरोखर आली. सकाळी भोंगा सुरू झाला की पलीकडून एकेक ओ यायची. कुणाची बारीक, कुणाची लाजरी. मोतीलालची ओ आधी यायची, मग रचनाची, मग सरिताची, मग लोकेशची. रचनाची ओ सगळ्यांत लांब. ती काठावरच्या दगडावर चढून, मान मागे टाकून, दम संपेपर्यंत ओढायची. त्यावर दोन्ही काठांवरची मुलं हसायची आणि तिला तेच हवं असायचं.

एकदा तिने कालिंदीचा पदर ओढून विचारलं, "मॅडम, माह्यं नाव भोंग्याच्या पोटात राह्यते का?"

"हो."

"रात्री बी तेथीच राह्यते? एकटंच?"

"एकटं कसं? मोतीलालचं असतं, सरिताचं असतं."

रचनाचं समाधान झालं. तिने जाऊन ते सगळ्यांना सांगितलं.

साहेब येऊन गेले. भोंगा ऐकून खूश झाले. जादा पैसा असा लावायचा असतो, म्हणून त्यांनी दुसऱ्या शाळांच्या गुरुजींनाही इथे पाठवलं. गुणाकर सर त्या दिवसांत कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. कालिंदीलाही अभिमान वाटत होता, आणि वाटू नये असं त्यात काही नव्हतं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, तोवर मुलं उथळ पाण्यातून चालत यायची; जुलैत शाळा पुन्हा उघडली. पावसाच्या दिवसांत पाणी थोडं असलं की महागू पोरांना आपल्या डोंग्यातून सोडायचा, जास्त असलं की मुलं घरी राहायची. नदीचं पाणी बघून ज्याचं तो ठरवायचा.

ज्या दिवशी घात झाला, त्या दिवशी इकडे पाऊस नव्हताच. वरच्या अंगाला कुठेतरी पडला होता आणि पाणी पहाटेपासून चढत होतं. कालिंदीची मोपेड लांजीच्या बाहेर चिखलात रुतली होती. गुणाकर सर यायचे होते. प्रेमलालने नेहमीसारखी कॅसेट लावली, बटण दाबलं आणि तो माठ भरायला निघून गेला. कालिंदी स्वतः माइकपुढे उभी असती, तर समोर नदी दिसली असती आणि तिची जीभ अडली असती. कॅसेटला नदी दिसत नाही.

टोल्यात आयांनी मुलांना धरून ठेवलं होतं. महागू तळ्यावर शिंगाडा बघायला गेला होता. शेवंताबाई चुलीपाशी होती. तिसरी हाक आली, रचनाने दगडावर चढून ओ दिली, आणि ओ दिली म्हणून ती निघाली. ढिमराची पोर, डोंगा सोडायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. सरिताने आरडाओरडा केला तोवर डोंगा धारेला लागला होता.

डोंगा मिळाला. खूप खाली, लव्हाळ्यात उलटा अडकलेला. रचना मिळाली नाही. महागू आणि टोल्यातले गडी कितीतरी दिवस काठाकाठाने शोधत फिरले. प्रेत नाही म्हणून माती नाही, माती नाही म्हणून पुढचं काहीच नाही. सगळं तसंच राहिलं.

कालिंदी तापाने फणफणली. वडील येऊन तिला बालाघाटला घेऊन गेले. कुणी तिला दोष दिला नाही. आई म्हणाली, "तू काय नदी सोडलीस का तिच्या अंगावर?" हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिला झोपेत स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, शांत, गोड, तीनदा. ती दचकून उठायची आणि पाणी प्यायची.

परत आली तेव्हा पाऊस सरत आला होता. त्या सकाळी ती मुद्दाम लवकर निघाली. शाळेच्या वळणावर मोपेड बंद केली, आणि भोंगा सुरू झाला.

भोंगा बंद असेल असं ती धरूनच चालली होती. पण साहेबांचा दौरा होता, निधीचा पुढचा हप्ता दौऱ्यावर अवलंबून होता, आणि गुणाकर सरांनी जुनीच कॅसेट पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. मोतीलालचं नाव तीनदा आलं. पलीकडे चिडीचूप. टोल्यातलं एकही मूल काठावर नव्हतं. मग तिचाच आवाज म्हणाला, रचना. रचना. रचना.

आणि पलीकडून ओ आली.

लांब ओढलेली, दम संपेपर्यंतची. कालिंदीच्या हातून मोपेड पडली. ती धावतच शाळेत गेली. प्रेमलाल अंगण झाडत होता.

"प्रेमलाल, ऐकलंस?"

"हौ जी," तो झाडू न थांबवता म्हणाला. "रोजच येते."

"रोज?"

"भोंगा चालू केला तवापासून. आधी मले बी भेव वाटलं. आता मी त्या टायमाले झाडत राह्यतो. झाडूचा आवाज येते नं, तं बरं वाटते."

गुणाकर सरांचं म्हणणं पडलं की पाण्यावर आवाज फिरतो. पाण्यावर आवाज फिरत असेल तर मोतीलालच्या नावाचा का फिरत नाही, हे त्यांना कालिंदीने विचारलं. सरांनी टेबलावरचं पेपरवेट फिरवलं. नदीकडची खिडकी त्यांनी हल्ली खिळे ठोकून बंद केली होती, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

"सर, त्या मुलीचं नाव काढा त्याच्यातून. तिच्या आईला रोज ऐकू जातंय."

"साहेब येऊन जाऊ देत, मॅडम. मग काय करायचं ते करा. टोल्यातलं एकही मूल येत नाही सध्या, भोंगाही बंद दिसला तर मी काय तोंड दाखवू?"

कालिंदीने त्यांचं ऐकलं नाही. तिने नवी कॅसेट आणली आणि शाळा सुटल्यावर बसून भरली. मोतीलालनंतर सरळ सरिता. मधलं नाव गाळताना तिची जीभ अडखळली, पण तिने गाळलं. दुसऱ्या दिवशी तिने ती स्वतःच्या हाताने लावली आणि अंगणात येऊन उभी राहिली.

मोतीलाल, तीनदा. पलीकडून लांबच लांब ओ.

सरिता, तीनदा. पुन्हा तीच ओ.

लोकेश, तीनदा. ओ.

प्रत्येक नावाला ओ येत होती. कालिंदीला ती ओळखता आली, कारण असं वर्गात पुष्कळदा घडतं. हजेरी घेताना एखाद्याचं नाव राहून जातं. ते मूल आधी वाट बघतं, मग कावरंबावरं होतं, मग दुसऱ्यांच्या नावांना हजर म्हणत सुटतं, की बाईंचं कधीतरी लक्ष जाईल. पाण्यावरून येणारी ओ तशीच होती. शेवटी शेवटी तर तिच्यात हुंदका होता. कालिंदीने आत जाऊन मशीन बंद केलं. ती तिथेच जमिनीवर बसली.

त्याच दुपारी ती नदीवर गेली. पाणी उतरलं होतं. महागूने तिला पलीकडून पाहिलं आणि डोंगा घेऊन आला. डोंगा तोच होता, बुडाला नवी पत्र्याची पट्टी मारलेली. पाय ठेवताना कालिंदी थबकली. याच कामासाठी या माणसाने सभेत हात जोडले होते आणि आपण उभं राहून भोंगा मागितला होता, हे तिला आठवलं आणि तिला त्याच्याकडे बघवेना. महागूने पाण्यात काठी रोवून डोंगा स्थिर धरला. "बसा जी," एवढंच तो म्हणाला.

शेवंताबाई ओसरीवर होती. तिच्या मांडीवर धाकटा होता आणि दार अर्धं लोटलेलं होतं. टोल्यातली मुलं दारा-दारांतून डोकावत होती, पण बाहेर कुणी येत नव्हतं.

"शेवंताबाई, सकाळी ओ तू देतेस का?" कालिंदीने विचारलं. हो म्हणावं, असं तिला फार वाटत होतं. शेवंताबाई हो म्हणाली असती तर सगळं समजण्यासारखं होतं.

"मी काहून देऊ, मॅडम? मी तं हूं का चूं करत नाही. माहा आवाज तिच्या कानावर गेला तं तिले वाटन का माय बलावून राह्यली. मंग ते कधीच नाही जाणार."

"मग कोण देतं?"

शेवंताबाईने तिच्याकडे नीट बघितलं. मोठ्या माणसाला सोपी गोष्ट समजत नाही असं दिसल्यावर बघतात, तसं. "तेच देते नं. रोज येते काठापर्यंत. तुमी बलावता, ते ओ देते. पुढं बस म्हणत नाही कोणी, जा म्हणत नाही कोणी. काय करन ते? दिवसभर तेथीच उभी राह्यते. पोरायले दिसते, खेळाले बलावते. म्हणून कोणी लेकरू सोडत नाही. अन् आज तं तुमी तिचं नावच नाही घेतलं. कशी जीव तोडून ओ देत होती! ऐकलं नं?"

"ऐकलं," कालिंदी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. शेवंताबाई रडली नाही. तिने धाकट्याला खाली ठेवलं आणि आतून पाण्याचा गिलास आणून दिला.

"मी काय करू सांग. तू म्हणशील ते करते."

"तिले छुट्टी द्या."

"काय?"

"शाळेत बलावलं तुमी. छुट्टी बी तुमीच द्या लागते. मी माय हाओ. मी जा म्हटलं तं ते कोठी जाईन? माह्याच घरी येईन. ज्यानं बलावलं त्यानंच मोकळं करा लागते, मॅडम. आमच्यात तसंच हाये."

बालाघाटच्या पाठकांच्या घरात ही गोष्ट कुणाला सांगितली असती, तर त्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. कालिंदीला मात्र त्यात वावगं काही दिसलं नाही. शाळेत मूल बोलावून घ्यायचं आणि सुट्टीची घंटा द्यायची नाही, याला काय म्हणायचं? तिने शेवंताबाईचा हात धरला आणि दोघी डोंग्यात बसल्या.

शाळा भरलेली होती. गावातली मुलं पाढे म्हणत होती. गुणाकर सरांना कालिंदीने काय करायचं ते सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात! सरकारी पैशाचा भोंगा आहे हा. अशा कामाला वापरला आणि कुणी वर कळवलं तर?"

"सर, पैसा कुणासाठी आला होता?"

"म्हणजे?"

"टोल्यातल्या मुलांसाठीच ना? ती टोल्यातलीच मुलगी आहे."

दारात शेवंताबाई उभी होती, अनवाणी, ओल्या पायांनी. सरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि वर्गात जाऊन मुलांना पाढे थांबवायला सांगितलं.

कालिंदीने कपाटातून माइक काढला. बटण दाबल्यावर भोंग्यातून खरखर आली. बाहेर दुपारचं कडक ऊन होतं. पलीकडचा काठ मोकळा होता, दगड मोकळा होता, पाणी संथ वाहत होतं. शेवंताबाई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिच्या अंगाला मासळीचा आणि धुराचा वास येत होता.

"रचना," कालिंदी म्हणाली. तिचा आवाज कॅसेटमधल्यासारखा गोड नव्हता, फाटला होता. "रचना. रचना."

ओ आली. या वेळी लांबून नाही. अगदी अलीकडून, शाळेच्या कुंपणापाशी उभं राहून कुणीतरी द्यावी तशी. वर्गातल्या एका मुलाने घाबरून सरांचा हात धरला आणि सरांनी तो सोडवून घेतला नाही.

कालिंदीला जे रोज म्हणायची सवय होती तेच तोंडात आलं. "छुट्टी झाली, बेटा. आता घरी..."

शेवंताबाईने तिचं मनगट घट्ट दाबलं आणि मान जोरात हलवली. कालिंदीने माइकवर हात ठेवला.

"घरी नका म्हणू," शेवंताबाई तिच्या कानात कुजबुजली.

"मग काय म्हणू?"

"म्हणा, घरी येऊ नको."

"मला नाही जमणार."

"म्हणा मॅडम. म्हणा, माय वाट पाहून नाही राह्यली."

कालिंदीने तिच्याकडे पाहिलं. शेवंताबाईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसती घाई होती. जवळ आलेलं लेकरू परत फिरून घराकडे वळायच्या आत हे व्हायला हवं, अशी घाई. कालिंदीने माइकवरचा हात काढला. इतकी वर्षं ती या मुलांशी हिंदीत नाहीतर पुस्तकातल्या मराठीत बोलत आली होती. आता मात्र तिच्या तोंडून टोल्याचीच भाषा निघाली, कारण हे दुसऱ्या कुठल्या भाषेत रचनाला समजलं नसतं.

"छुट्टी झाली, रचना. तू जाय आता. घरी येऊ नको, बाप्पा. माय वाट पाहून नाही राह्यली."

भोंग्याने ते नदीपार नेलं. टोल्यातल्या प्रत्येक घरात ते गेलं असणार, आणि डोंग्यात बसून राहिलेल्या महागूच्या कानावरही. कुंपणापाशी काही हललं नाही. ओ आली नाही. कालिंदी वाट बघत राहिली, पण पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येईना. मग तिचं लक्ष शेजारी गेलं.

शेवंताबाईने पदराचा बोळा करून दातांत धरला होता. तिचे डोळे वाहत होते, सगळं अंग गदगदत होतं, पण तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी तो बोळा आत दाबून धरला होता. माइक चालू होता. तिने डोळ्यांनीच माइककडे खूण केली.

कालिंदीने बटण बंद केलं. मशीनवरचा लाल दिवा विझल्याचं शेवंताबाईने नीट बघून घेतलं, आणि मगच तोंडातला पदर काढला.